सायकल पर्यटनातील सामानवहन

सायकल पर्यटनातील सामानवहन : अनेक दिवसांच्या सायकल प्रवासात लागणारे कपडे, तंबू, अंथरूण, भांडी, हत्यारे, पाणी इ. सामान सायकलवर लादून नेण्याच्या पद्धती. टॉमस स्टीव्हन्स एप्रिल १८८४ मध्ये उंच चाकाच्या सायकलवरून सॅन फ्रान्सिस्कोहून जगप्रवासाला निघाले, तेव्हा त्यांच्या हँडलवरच्या पिशवीत मोजे, एक जादा सदरा, तंबू व अंथरूण म्हणूनही वापरता येणारा रेनकोट आणि एक पिस्तूल एवढेच सामान होते. इतक्या थोडक्यात भागवणारे प्रवासी विरळाच.

पाठीवरची सॅक ही सर्वांत सोपी, पण लांबच्या प्रवासाला सर्वांत गैरसोयीची पद्धत होय. तिचा भार बैठक आणि तळहातांवर येतो, पाठ घामाने भिजते आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने तोल सांभाळणे कठीण होते.

सर्वाधिक रूढ पद्धत पॅनियरची आहे. चाकाच्या दोन्ही बाजूंना कॅरिअरच्या दांड्यांवर आकड्यांनी अडकवलेल्या या पिशव्यांची मागची जोडी साधारणतः ४० लिटरची असते, पुढची त्याहून लहान. जड वस्तू तळाशी व फ्रेमलगत ठेवाव्यात आणि डावी-उजवी बाजू समतोल राखावी. सगळे वजन मागेच लादले, तर चढावर पुढचे चाक हलके होऊन हँडल भरकटते व मागच्या चाकाचे स्पोक तुटू लागतात. म्हणून थोडा भार पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कलगत, चाकाच्या आसाच्या उंचीवर घेणे हितावह असते. मागची पिशवी फार पुढे असेल तर पेडल मारताना टाच तिला घासते, आणि फार मागे सरकवली तर शेपटाकडचा भार वाढतो. कॅरिअरचे बोल्ट रस्त्याच्या हादऱ्यांनी ढिले होतात, त्यामुळे ते रोज तपासणे श्रेयस्कर, आणि पट्ट्यांची लोंबणारी टोके खोचून टाकावीत, कारण असे टोक स्पोकमध्ये गुंतले की चाक जागीच अडकू शकते.

फ्रेमवर कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोके नसतील, किंवा वाट खडबडीत असेल, तर सीटमागे, हँडलवर व फ्रेमच्या त्रिकोणात पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या पिशव्या वापरतात; या पद्धतीला बाइकपॅकिंग म्हणतात. सायकल अरुंद आणि चपळ राहते, पण जागा कमी मिळते, आणि तळाची वस्तू हवी असली की सीटमागची पिशवी बहुधा पूर्ण उपसावी लागते. नकाशा, पैसे व कागदपत्रे मात्र कोणत्याही पद्धतीत हँडलवरच्या, चटकन काढता येणाऱ्या छोट्या पिशवीत ठेवणे सोयीचे.

फार अवजड सामानासाठी एकचाकी वा दुचाकी ट्रेलर जोडतात. त्यामुळे मागच्या चाकावरचा भार घटतो, परंतु उतारावर ट्रेलर सायकलला मागून ढकलतो आणि रेल्वेत वा बसमध्ये चढवताना पंचाईत होते. त्याचे चाक बहुधा सायकलच्या चाकाहून लहान असल्याने ट्यूबही वेगळी बाळगावी लागते.