रॅकमधला चढा पंचम

पाडवा पहाटेच्या आदल्या संध्याकाळी तालमीला बसलेल्या वहिनींनी तिसऱ्यांदा गाणं थांबवलं. "पंचम चढा लागतोय हो," त्या म्हणाल्या. तानपुरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटी, पट्टी पांढरी पाच, म्हणजे षड्ज हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा. पेटी एकटी लावून ऐकली तर पंचम चोख होता. मिक्सरमधून स्पीकरवर आला की मात्र त्याच्या अंगाला काहीतरी लगटून येत होतं आणि दोघं मिळून हेलकावे खात होते. नवरात्रात हेच सामान बिनतक्रार चाललं होतं. मधल्या दिवसांत एकच गोष्ट घडली होती : मी रॅक आवरला होता.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं हे सामान. रॅक म्हणजे चाकांची पेटी, तिच्यात मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरलेस माइकचे दोन रिसीव्हर. या पेट्यांची मापं जगभर ठरलेली असतात, पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. पुढून पेटी देखणी. मागून मात्र कडबोळ्यांचा घाणा फसल्यासारखी. मी एमजी रोडवरून प्लास्टिकच्या टायचं पाकीट आणलं, दोन तास खपलो आणि सगळ्या वायरी विंचरून त्यांची एकच जाडजूड वेणी घातली. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला.

आमचे साऊंडवाले काका पंचवटीतले. ते आले आणि मिक्सरवरचा एकेक फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, खाली घेत गेले. तानपुऱ्याचा फेडर खाली गेला तसा लगटणारा आवाजही गेला. मग त्यांनी रॅक फिरवून मागे पाहिलं, खिशातून कटर काढला आणि माझे टाय कटाकट तोडायला सुरुवात केली. "सर, लाइट आणि सिग्नल एका वेणीत घातले की तुम्ही. दिसायला झकास आहे, पण हम मारणारच." त्यांच्या भाषेत लाइट म्हणजे घरगुती वीज आणि हम म्हणजे स्पीकरमधला सलग गुणगुणाट.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे मला आधी कळायला हवं होतं.

वायरींचा गुंता झाला की आवाज बिघडतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर गुंत्यात वायरी एकमेकींना वाटेल त्या कोनात ओलांडतात आणि कधी जवळ, कधी लांब असतात. माझ्या वेणीने त्यांना टोकापासून टोकापर्यंत समांतर आणि खेटून बसवलं होतं. सुबकपणा डोळ्याला दिसतो. विजेचा हिशेब वेगळा असतो.

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. माइकमधून येणारा सिग्नल एक-दोन मिलिव्होल्टचा, म्हणजे विजेच्या लाखभर पटीने लहान. इतक्या जवळ बसवलेल्या शेजाऱ्याचा किंचित अंश जरी झिरपला तरी तो ऐकू येतो. झिरपायचे मार्ग दोन. पहिला विद्युत क्षेत्राचा. त्याला अडवणं सोपं : सिग्नलच्या तारेभोवती तांब्याची जाळी विणायची आणि ती अर्थला (जमिनीशी जोडलेल्या तारेला) जोडायची. चांगल्या केबलमध्ये ती असतेच. तानपुऱ्याची वायर मात्र मी स्वतः बनवलेली होती, उरलेल्या लाल-काळ्या स्पीकर वायरला एका टोकाला ईपी (लहान) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (मोठा) जॅक सोल्डर करून. तिला ना जाळी, ना पीळ.

दुसरा मार्ग चुंबकीय क्षेत्राचा, आणि माझा जीव या दुसऱ्यावर आहे. प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, हे दहावीत झालेलं आहे. प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो म्हणून ते क्षेत्रही फुगतं, ओसरतं, उलटं होतं. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं की तारेच्या वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा कमीजास्त झाल्या की वेटोळ्यात वीज उभी राहते. आता सिग्नलची केबल बघा. एका तारेने सिग्नल जातो, दुसरीने परततो. दोन्ही टोकांना त्या उपकरणांतून जोडलेल्या. म्हणजे ते एक लांबट, चपटं वेटोळंच झालं. माझ्या लाल-काळ्या वायरचं वेटोळं दीड मीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद होतं.

तांब्याची जाळी इथे उपयोगाची नाही, हे पुष्कळ जाणकारांनाही पटत नाही. ५० आवर्तनांचं चुंबकीय क्षेत्र तांब्यात सुमारे नऊ मिलिमीटर आत शिरल्यावर कुठे एक तृतीयांशाच्या आसपास उतरतं. केबलची जाळी मिलिमीटरचा छोटासा अंश. क्षेत्र तिच्यातून चाळणीतून पाणी जावं तसं जातं.

मग उपाय? पीळ. दोन तारा एकमेकींभोवती सुंभासारख्या वळल्या की त्या लांबट वेटोळ्याची लहान लहान वेटोळी होतात. पहिल्या वेटोळ्यात लाल तार वर आणि काळी खाली, पुढच्यात काळी वर आणि लाल खाली. बाहेरच्या बलरेषा सगळ्यांतून एकाच दिशेने जातात, पण उभी राहणारी वीज पहिल्या वेटोळ्यात ज्या दिशेची, पुढच्यात तिच्या उलट. जोडीजोडीने हिशेब शून्यावर येतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी या पिळाचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं. आज घरात येणाऱ्या इंटरनेटच्या निळ्या केबलमध्येही तेच चाललेलं असतं.

पिळाने भागत नाही तिथे बॅलन्स्ड जोडणी येते, तीन पिनांचा कॅनन जॅक. दोन तारांवर झिरपलेली खरखर सारखीच असेल तर पुढचं यंत्र दोघींतला फरक तेवढा घेतं आणि खरखर वजा होते. बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं की दोन तारांवर एकमेकींचे उलटे सिग्नल असतात म्हणून हे घडतं. तसं नाही. एका तारेवर सिग्नल अजिबात नसला तरी चालतं. महत्त्वाचं हे की दोन्ही तारांचा अर्थशी असलेला इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) सारखा हवा. बारावीचा व्हीटस्टन ब्रिज आठवा : पाठवणाऱ्या बाजूचे दोन इम्पिडन्स आणि घेणाऱ्या बाजूचे दोन या त्याच्या चार भुजा. खरखर ही बॅटरी, मिक्सर हा गॅल्व्हानोमीटर. भुजांचं गुणोत्तर जुळलं की काटा शून्यावर, मग बॅटरी कितीही मोठी असो. (इथे वर्गातही निम्मी मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. त्यांनी पुढच्या परिच्छेदापासून वाचावं.)

तिसरा उपाय फुकटचा : अंतर. विजेच्या केबलमध्ये जाणारी आणि येणारी तार शेजारी असतात, त्यांची क्षेत्रं परस्परांना बरीचशी खोडून काढतात. जे उरतं ते अंतराच्या वर्गाने घटतं. सिग्नलची वायर विजेच्या वायरीपासून एक सेंटिमीटरवर होती ती दहा सेंटिमीटरवर नेली की बाधा शंभरावा हिस्सा. म्हणून काका रॅकमध्ये सगळी लाइट एका खांबाने उतरवतात आणि सिग्नल समोरच्या खांबाने. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. तेव्हा बलरेषा वेटोळ्यातून आरपार न जाता त्याला समांतर निघून जातात. अ‍ॅडॅप्टरचे ठोकळे मिक्सरपासून लांब, कारण त्यांच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असू शकतो.

याच खोडाखोडीमुळे आणखी एक गैरसमज निकालात निघतो. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळून ठेवली की तिचं चुंबक होतं आणि म्हणून ती तापते, असं सांगतात. जाणारा-येणारा प्रवाह समान असल्याने चुंबक जवळजवळ होतच नाही. तापते ती आपल्या रोधामुळे, आणि भेंडोळ्यातून उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. उलगडा, झालं.

बाजारात मात्र बाण छापलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या केबली मिळतात आणि बाणाच्या दिशेने जोडली तर आवाज खुलतो असं छातीठोक सांगितलं जातं. वहिनींच्या षड्जाची कंपनं सेकंदाला १९६. म्हणजे तारेतला प्रवाह सेकंदाला ३९२ वेळा दिशा बदलतो. त्याने बाण कधी वाचायचा? (काही केबलींत जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथला बाण खरा. सोन्यामुळे पिन गंजत नाही, तेही खरं. बाकी सगळा भाव.) काही मंडळांच्या रॅकला लिंबू-मिरची टांगलेली दिसते. लिंबाचा रस पिनांवर पडला तर गंज लवकर चढेल, याहून त्याचा परिणाम नाही.

पण लिंबापेक्षा वाईट एक तोडगा आहे आणि तो बेधडक केला जातो : हम आला की प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकायची. मिक्सर एका सॉकेटवर आणि दुसरं यंत्र लांबच्या सॉकेटवर असेल तर दोन अर्थ आणि केबलची जाळी मिळून खोलीएवढं वेटोळं होतं, त्यात प्रवाह फिरतो आणि हम येतो. पिन काढली की वेटोळं तुटतं, हम जातो. उद्या यंत्रात वीज उतरली तर तिला वाट मात्र गायकाच्या हातातल्या माइकमधून मिळेल. सगळं एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (तारा थेट न जोडता सिग्नल पोचवणारी डबी) टाका. पिनेला हात लावू नका.

काकांनी प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. आपल्या धोतराला आघाडा चिकटतो तशी कुसळं पाहून स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांना जी सुचली, तीच ही पट्टी. टाय केबलला आवळून चिमटतो, तोडल्यावर टोकाशी हात कापतो; आणि छोटा हत्ती टेम्पोत बसून दर खेपेला हादरे खाणाऱ्या रॅकमध्ये जोडण्या पुन्हापुन्हा उघडाव्या लागतात. प्रत्येक जॅकपाशी थोडी ढील सोडायची, म्हणजे हादरा सोल्डरवर येत नाही. माझी लाल-काळी वायर त्यांनी न विचारता पिशवीत टाकली आणि जाळीची वायर लावली.

राहिला चढा पंचम. ही बाधा ५० आवर्तनांची असते, पण अ‍ॅम्प्लिफायर वीज सलग न घेता प्रत्येक लाटेच्या माथ्यावर हिसक्याने ओढतो, त्यामुळे तिच्यात १५० आणि २५० ची कंपनंही मिसळतात. ५० कानाला आणि लहान स्पीकरला फारसं झेपत नाही. ऐकू येतं ते १५०. पांढरी पाचच्या तानपुऱ्यातला मंद्र पंचम १४७ चा. जवळच्या दोन स्वरांत जितका फरक, सेकंदाला तितके हेलकावे; इथे फरक तीनचा, म्हणून तीन. वहिनींचा कान अगदी बरोबर होता.

पहाटे साडेपाचला पुन्हा तानपुरा लागला. पंचम स्वच्छ होता. वहिनी मात्र डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता खर्ज हलतोय थोडा." मी मोजले, सेकंदाला दोन हेलकावे. खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, ९८ चा; तेव्हा शेजारी १०० चा कोणीतरी होता. वायरीतल्या हमला १०० सहसा येत नाही. काकांनी मिक्सर बंद केला, तरी आवाज होताच. तो गेटबाहेरच्या डीपीचा (वस्तीला वीज वाटणाऱ्या ठाण्याचा) होता. तिच्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकीय क्षेत्राने लांबीत किंचित बदलतो, क्षेत्र कुठल्याही दिशेचं असलं तरी, म्हणून प्रत्येक आवर्तनात दोनदा. वहिनींनी एकदा गेटकडे पाहिलं आणि तानपुऱ्याची पेटी अर्धा स्वर वर, काळी चारवर लावली.