पोकळी येते कुठून?

उजनीहून सोलापूरला पाणी येतं ते शंभरएक किलोमीटर लांबीच्या पाइपांमधून. हे पाइप कारखान्यात आधीच पोकळ बनतात, मग आणून जोडले जातात. गर्भाला ही सोय नाही. रक्तवाहिन्या, आतडी, फुप्फुसं, मूत्रपिंडं हा सगळा नळ्यांचाच संसार, आणि तो उभा करायला हाताशी फक्त पेशी.

त्यासाठी प्रत्येक पेशीला आपली पोकळीकडची बाजू कोणती हे आधी ठरवावं लागतं. पुढच्या वाटा मात्र वेगवेगळ्या. लाळग्रंथीत पेशींचा भरीव दोर तयार होतो आणि मधल्या पेशी मरून जागा मोकळी करतात. फळमाशीच्या श्वासनलिकांच्या पेशी एकदा आत वळल्या की पुढे त्यांचं विभाजन होत नाही. आकार आणि जागा बदलून त्याच सगळं जाळं पसरवतात. टोकाची एकटी पेशी तर स्वतःच्या पोटातच नळी काढते! या पेशींना वाट दाखवणारं प्रथिन 'एफजीएफ' कुळातलं, म्हणजे पेशींना वाढीचे संकेत देणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं आहे. उंदराच्या फुप्फुसाला फाटे फुटतात तेही याच कुळातल्या प्रथिनामुळे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मज्जानलिका, कारण मेंदू आणि मज्जारज्जू तिच्यातूनच घडतात. सुरुवातीला गर्भाच्या पाठीवर पेशींचा सपाट थर असतो. ठरावीक ठिकाणच्या पेशींमधले ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांचे धागे आवळतात, पेशी एका टोकाला निमुळत्या होतात आणि थर वाकतो. दोन्ही कडा उचलल्या जातात, जवळ येतात, जुळतात. गर्भधारणेनंतर साधारण 28 व्या दिवसापर्यंत ही नळी पूर्ण बंद होते. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत. खालचं राहिलं तर बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहतो, पाय लुळे पडू शकतात.

28 दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तोवर दिवस गेल्याचं अनेकींना कळलेलंही नसतं. ही नळी नीट बंद व्हायला फॉलिक ॲसिड हे ब जीवनसत्त्व मदत करतं. पण दवाखान्यात नाव घालून त्याची गोळी हातात पडते, तेव्हा या नळीचं काम आटोपलेलं असतं. म्हणून मूल हवं असेल तर रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधीपासून सुरू करायची असते. आधीचं बाळ असा दोष घेऊन जन्मलं असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. अशाच स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 7 देशांत चाचणी घेतली. 1991 साली निष्कर्ष आला: फॉलिक ॲसिडमुळे हा दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं होतं.