अणुपाणबुडी म्हणजे नेमकी कोणती?

२९ ऑगस्ट २०२४ रोजी विशाखापट्टणम येथे ‘आयएनएस अरिघात’ नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचा उल्लेख भारताची दुसरी अणुपाणबुडी असा झाला. ज्यांना १९८८ साली सोव्हिएत संघाकडून भाड्याने आलेली ‘चक्र’ आठवते आणि २०१२ मध्ये रशियाकडून त्याच नावाने आलेली दुसरी नौकाही आठवते, त्यांच्या हिशेबाने ‘अरिघात’ चौथी ठरते. यातील कोणाचीही मोजणी चुकलेली नाही. ‘अणुपाणबुडी’ हा आपला शब्दच इतका सैल आहे की, त्यात कामाने एकमेकींच्या उलट असलेल्या दोन नौका सहज मावतात.

या शब्दातील ‘अणु’ इंजिनाविषयी सांगतो, शस्त्राविषयी नाही. अणुभट्टीतील उष्णतेने वाफ तयार होते, वाफेवर टर्बाइन फिरते, आणि या साऱ्याला हवा लागत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गातील पाणबुड्यांना बॅटऱ्या भरण्यासाठी डिझेल इंजिन चालवावे लागते, त्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी पाण्याबाहेर काढावी लागते आणि नेमक्या त्याच वेळी त्या शत्रूच्या रडारला सापडू शकतात. अणुभट्टीवर चालणारी पाणबुडी मात्र खलाशांचा शिधा संपेपर्यंत पाण्याखाली राहू शकते. इथपर्यंत दोन्ही प्रकार सारखेच आहेत.

फरक पुढे सुरू होतो. पहिला प्रकार हल्लेखोर पाणबुडीचा असून नौदलांच्या परिभाषेत तिला ‘एसएसएन’ म्हणतात. शत्रूच्या युद्धनौका आणि पाणबुड्या शोधणे, त्यांचा माग काढणे आणि वेळ आल्यास त्या बुडवणे हे तिचे काम. २ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या ‘कॉन्करर’ने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली आणि ३२३ माणसे मरण पावली. ‘कॉन्करर’ अणुभट्टीवर चालत होती, पण तिने डागलेले पाणतीर (टॉर्पेडो) दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या रचनेचे, साध्या स्फोटकांचे होते. ऑस्ट्रेलियाला ब्रिटन व अमेरिकेबरोबरच्या ‘ऑकस’ करारातून मिळणार असलेल्या पाणबुड्याही याच जातीच्या आहेत. त्यांच्यावर अण्वस्त्रे असणार नाहीत, तरीही २०२१ मध्ये करार जाहीर होताच ऑस्ट्रेलिया अण्वस्त्रधारी होत असल्याची चर्चा बरीच रंगली होती.

दुसरा प्रकार ‘एसएसबीएन’, म्हणजे अणुभट्टीवर चालणारी आणि शिवाय अण्वस्त्रे डागू शकणारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे वाहणारी पाणबुडी. भारताने बांधलेली पहिली अणुपाणबुडी ‘अरिहंत’ आणि तिच्यानंतरची ‘अरिघात’ या जातीच्या आहेत. छायाचित्रातही ही जात ओळखता येते: मधल्या उभ्या मनोऱ्याच्या मागे ‘अरिहंत’च्या पाठीवर एक लांबट उंचवटा दिसतो आणि त्याखाली क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या असतात. ‘चक्र’च्या पाठीवर तसा उंचवटा नव्हता.

या पाणबुडीला कोणाचाही माग काढायचा नसतो. बंदर सोडायचे, समुद्रात नाहीसे व्हायचे आणि कोणालाही न सापडता परत यायचे, एवढीच तिची गस्त. भारताने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या धोरणानुसार आपण अण्वस्त्रांचा वापर प्रथम करणार नाही. पण पहिला घाव सोसूनही उलट वार करता येईल, याची शत्रूला खात्री असेल तरच त्या शब्दाला वजन येते. विमानतळ आणि जमिनीवरील क्षेपणास्त्र-तळ उपग्रहातून दिसतात, समुद्रात दडलेली पाणबुडी दिसत नाही. समुद्रातून बसवलेली जरब म्हणतात ती हीच.

दडणे किती पराकोटीचे असते, याचा नमुना फेब्रुवारी २००९ मध्ये अटलांटिक महासागरात दिसला. ब्रिटनची ‘व्हॅनगार्ड’ आणि फ्रान्सची ‘ल ट्रियोंफां’ या दोन क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्या पाण्याखाली एकमेकींवर आदळल्या. फ्रान्सने सुरुवातीला सांगितले की, आपली नौका बहुधा पाण्यात बुडालेल्या एखाद्या कंटेनरवर आदळली असावी. दोन मित्रराष्ट्रांच्या अत्याधुनिक पाणबुड्या इतक्या जवळ आल्या, तरी एकीलाही दुसरीची चाहूल लागली नव्हती. अपघात म्हणून ही गोष्ट लाजिरवाणी होती, पण शांततेचे प्रमाणपत्र म्हणून यापेक्षा चांगला दाखला मिळणे कठीण.

कामाच्या या फरकातून यंत्रांचा फरक येतो. हल्लेखोर पाणबुडीला विमानवाहू नौकेच्या ताफ्याबरोबर धावावे लागते, म्हणून २०१२ च्या ‘चक्र’ची अणुभट्टी सुमारे १९० मेगावॉटची होती. ‘अरिहंत’ची भट्टी सुमारे ८३ मेगावॉटची सांगितली जाते. ती घडवण्यात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. हळू फिरत राहणाऱ्या नौकेला ती पुरते, पण तीच भट्टी हल्लेखोर पाणबुडीत बसवून भागणार नाही. उलट, ‘अरिहंत’ची अडचण वेगाची नसून पल्ल्याची होती. तिच्यावरील ‘के-१५’ क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर असल्याने बंगालच्या उपसागरातून पाकिस्तानही त्याच्या टप्प्यात येत नाही. म्हणजे मारा करायचा तर दडण्याची जागा सोडून शत्रूच्या किनाऱ्याजवळ जावे लागणार. सुमारे ३,५०० किलोमीटर पल्ल्याच्या ‘के-४’चे महत्त्व यामुळेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची चाचणी ‘अरिघात’वरून झाली.

हुकूम कोणाचा, इथेही दोघींच्या वाटा वेगळ्या आहेत. पाणतीर केव्हा सोडायचा, हे युद्धकाळात नौदलाच्या चौकटीत ठरते. क्षेपणास्त्र सोडण्याचा निर्णय मात्र फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेचा असतो. तो खोल पाण्यात पोहोचवण्यासाठी अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी लागतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र त्यासाठीच आहे. पाणबुडी ऐकते, पण उत्तर देत नाही, कारण उत्तर दिले की जागा कळते.

म्हणून जरब मोजताना या दोन जातींची बेरीज करणे चूक आहे. दहा हल्लेखोर पाणबुड्या असल्या तरी त्यांनी अण्वस्त्रांची जरब तसूभरही वाढत नाही. तरीही एकीला दुसरीची गरज असते. क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी सर्वांत उघडी पडते ती बंदरातून बाहेर पडताना, कारण तिच्या मागे लागू पाहणारी शत्रूची हल्लेखोर पाणबुडी तिथेच दबा धरून बसलेली असू शकते, आणि तिला हुडकून पिटाळायला आपलीही एखादी हल्लेखोर पाणबुडी लागते. ‘चक्र’ २०२१ मध्ये रशियाला परत गेल्यापासून भारताकडे अशी एकही नाही. देशी बनावटीच्या दोन हल्लेखोर अणुपाणबुड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्याचे वृत्त आले. त्या प्रत्यक्ष समुद्रात उतरेपर्यंत ‘अरिघात’ची विशाखापट्टणमबाहेरची वाट राखण्याचे काम पाणबुडीविरोधी विमाने, युद्धनौका आणि डिझेलवरच्या पाणबुड्या यांच्यावरच आहे.