रमजानच्या रोजांची जडणघडण

हिजरी कालगणनेच्या नवव्या महिन्यात पहाटेचा उजेड फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत अन्न, पाणी आणि शरीरसंबंध वर्ज्य करायचे, हा रमजानच्या रोजाचा नियम आहे. इस्लामच्या पाच स्तंभांत त्याची गणना होते. आज हा नियम जसा आहे तसा तो एका दिवसात ठरला नाही. मदिनेत काही वर्षांच्या काळात तो टप्प्याटप्प्याने आकाराला आला. त्या घडणीकडे बारकाईने पाहिले तर या महिन्याचा आध्यात्मिक अर्थही तिथेच हाती लागतो. भूक हे मन ताब्यात आणण्याचे साधन मानले गेले, आणि त्या साधनाने माणूस खचून जाऊ नये याची काळजी प्रारंभीच्या काळातच घेतली गेली.

महिन्याचे महत्त्व मात्र रोजांच्याही आधीचे आहे. मक्केजवळच्या जबल अन-नूर या डोंगरावरील हिरा गुहेत मुहम्मद एकांतात चिंतनासाठी जात असत. इ.स. ६१० मध्ये, रमजानच्याच महिन्यात, तिथे त्यांना पहिला साक्षात्कार झाला असे परंपरा सांगते. ‘वाच’ या आज्ञेने सुरू होणारी ती वचने कुराणाच्या ९६व्या अध्यायाच्या आरंभी आहेत. रोजांची आज्ञा त्यानंतर सुमारे १४ वर्षांनी आली. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील १८५वे वचनही आधी ‘ज्यात कुराण अवतरले तो महिना’ अशी रमजानची ओळख करून देते आणि मग रोजाचा आदेश देते. ईश्वरी वचन आधी आणि त्याच्या सन्मानार्थ उपवास नंतर, हा क्रम लक्षात घेतला म्हणजे या महिन्यात कुराणाच्या पठणाला आणि श्रवणाला रोजाइतकेच मोल का आहे, हे समजते.

उपवासाची प्रथा अरबस्तानाला नवी नव्हती. मुहर्रम महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे आशुराला, मक्केतील कुरैश लोक इस्लामपूर्व काळातही उपवास करीत, असे पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या निवेदनात आहे. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला आले तेव्हा मूसाची फेरोच्या तावडीतून सुटका झाल्याच्या स्मरणार्थ तेथील यहुदीही आशुराला उपवास करतात, हे त्यांच्या पाहण्यात आले. आणि मुसलमानांनाही त्या दिवसाचा उपवास सांगण्यात आला. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, रमजानचे रोजे बंधनकारक झाले आणि आशुराचा उपवास ऐच्छिक राहिला. रोजांचा आदेश देणारे वचन ‘तुमच्या आधीच्या लोकांना जसा सांगितला होता’ असा उल्लेख मुद्दाम करते. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांशी असलेले नाते त्यात मान्य केलेले आहे, आणि हेतूही तिथेच सांगितला आहे: तकवा, म्हणजे ईश्वराची सतत जाणीव ठेवून वाईटापासून दूर राहण्याची वृत्ती, अंगी यावी. त्याच पहिल्या रमजानमध्ये मक्केच्या कुरैशांशी बद्रची लढाई झाली. रोजांचा प्रारंभ निवांत काळात झाला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

सुरुवातीच्या काळातील नियम आजच्यापेक्षा कडक होते. संध्याकाळी रोजा सोडण्यापूर्वी एखाद्याला झोप लागली तर त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला काही खाता येत नसे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये, कैस इब्न सिरमा या कष्टकरी सहकाऱ्याची हकिकत आली आहे. दिवसभर राबून तो घरी आला आणि काही खायला आहे का, असे त्याने पत्नीला विचारले. घरात काही नव्हते, म्हणून ती आणायला बाहेर पडली. ती परत येईपर्यंत थकव्याने त्याचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बेशुद्ध पडला. ही गोष्ट पैगंबरांच्या कानावर गेली आणि त्यानंतर दुसऱ्या अध्यायातील १८७वे वचन अवतरले, असे परंपरा मानते. त्याने रात्रभर खाण्यापिण्याची आणि पती-पत्नींच्या सहवासाची मोकळीक दिली आणि पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत ही मर्यादा घातली. अदी इब्न हातिम या सहकाऱ्याने हे शब्दशः घेऊन उशीखाली खरोखरच दोन दोरे ठेवले होते, तेव्हा रात्रीचा अंधार आणि दिवसाचा उजेड असा त्याचा अर्थ आहे, हे पैगंबरांनी त्याला समजावून सांगितले.

सवलतींचा विचारही असाच आहे. आजारी माणसाने आणि प्रवाशाने राहिलेले रोजे नंतर भरून काढावेत. ज्याला वार्धक्यामुळे ते कधीच झेपणार नाहीत त्याने दर रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. ‘अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको’ हे शब्द रोजाच्या आदेशाच्याच वचनात आहेत. हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये मक्केवर चालून जाताना सैन्याला रोजे जड जाऊ लागले, तेव्हा पैगंबरांनी पाण्याचे भांडे मागवले, सगळ्यांना दिसेल असे उंच धरले आणि ते पाणी प्याले. तरीही काहींनी रोजा सोडला नाही, याबद्दल त्यांनी नापसंती व्यक्त केली. सवलत नाकारणे म्हणजे अधिक धार्मिक असणे, ही समजूत त्यांना मान्य नव्हती, आणि मला या इतिहासातील ही सर्वांत बोलकी घटना वाटते.

हिजरी वर्ष चांद्र असून ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. इस्लामपूर्व अरब अधूनमधून जादा महिना घालून त्याचा ऋतूंशी मेळ बसवीत. कुराणाने ही पद्धत बंद केली. त्यामुळे रमजान दर वर्षी साधारण ११ दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. लांब दिवसांचे कडक उन्हाळे आणि आखूड दिवसांचे हिवाळे दोन्ही प्रत्येक प्रदेशाच्या वाट्याला आळीपाळीने येतात.

रोजाच्या अंतरंगाची चर्चाही हदीसपासूनच सुरू होते. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असे एक वचन बुखारींच्या हदीस-संग्रहात आहे. इ.स. ११११ मध्ये निधन पावलेल्या धर्मचिंतक इमाम गझाली यांनी या विचाराची नीट मांडणी केली. त्यांच्या मते रोजाच्या तीन पायऱ्या आहेत: पोट आणि वासना आवरणे ही पहिली, डोळे, कान, जीभ, हात, पाय यांना पापापासून दूर ठेवणे ही दुसरी, आणि ईश्वराखेरीज इतर कशातही मन गुंतू न देणे ही तिसरी. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी दुपारच्या जेवणाचीही भरपाई करणाऱ्यांवर त्यांनी स्पष्ट टीका केली आहे. वासनेला आवर घालायचा असेल तर रात्रीचे ताट नेहमीइतकेच असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच लागू पडतो. रोजा बाहेरून दिसत नाही. बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले तर कोणाला कळणार? ‘रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचे फळ मीच देईन’ हे ईश्वराचे म्हणून सांगितलेले वचन या खासगीपणामुळेच अर्थपूर्ण ठरते.

रात्रीच्या उपासनेलाही तिचा इतिहास आहे. तरावीहची, म्हणजे रमजानमधील रात्रीची जादा, नमाज पैगंबरांनी मशिदीत काही रात्री लोकांसोबत पढली आणि नंतर ती सक्तीची होऊन बसेल या भीतीने ते बाहेर येईनासे झाले. पुढे खलिफा उमर यांनी विखुरलेल्या लोकांना उबय इब्न काब यांच्या मागे एकत्र उभे केले आणि सुन्नी परंपरेत सामूहिक तरावीह रुजली. शिया ती सामूहिकपणे पढत नाहीत. हिजरी सन ४० मध्ये इराकमधील कुफा येथे १९ रमजानला पैगंबरांचे जावई आणि चौथे खलिफा हजरत अली यांच्यावर वार झाला आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले, त्यामुळे शियांसाठी या रात्रींना शोकाचीही बाजू आहे. शेवटच्या दहा दिवसांत काही जण मशिदीत एतिकाफला, म्हणजे उपासनेसाठी एकांतात, बसतात आणि कुराण अवतरले त्या, हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानलेल्या कद्रच्या रात्रीचा शोध घेतात. ती रात्र नेमकी कोणती हे निश्चित केलेले नाही.

महिना संपतो तो फितऱ्याने. लहान-मोठ्या प्रत्येकाच्या वतीने एक सा, म्हणजे एक ठराविक माप, खजूर किंवा सातू गरिबांना देण्याची पद्धत पैगंबरांनी घालून दिली आणि हे दान ईदच्या नमाजेपूर्वी पोहोचले पाहिजे असे ठरवले. नमाजेनंतर दिले तर ते साधे दान समजले जाते. शव्वाल या पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, ईदच्या दिवशी, रोजा ठेवायला मनाई आहे.