संशोधन केवळ मोठ्या रुग्णालयांपुरते नाही

संशोधन हा शहरातील डॉक्टरांचा विषय असून गावच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेने रूढ पद्धतच पाळावी, हा समज ग्रामीण विदर्भात अजूनही आढळतो आणि तो चुकीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत स्थानिक प्रशिक्षित महिलांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. त्यामुळे नवजात मृत्युदर निम्म्याहून अधिक घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा भक्कम पुरावा, अभिमानाने सांगावे असे, इथल्याच गावांतून मिळाला. असा पुरावा रोजच्या कामातही वापरावा: बाळाला जन्मताच आंघोळ घालण्याचा आग्रह घरच्यांनी धरल्यास, ओले बाळ झपाट्याने गारठते म्हणून जागतिक आरोग्य संघटना २४ तास थांबण्यास सांगते, हे परिचारिकेने आजीला कारणासह समजावून द्यावे.