जीन ग्रेचं मरण आणि मॅग्नेटोचं वळण

सुपरहिरोंच्या सिनेमात हल्ली कुणीतरी जीव देऊन सोबत्यांना वाचवतं, कालचा शत्रू ऐनवेळी नायकांच्या बाजूने उभा राहतो आणि प्रेक्षकांना त्याचं नवल वाटत नाही. अमेरिकी कॉमिक्समध्ये ही रीत रुजायला बरीच वर्षं लागली. ती रुजवण्यात ‘एक्स-मेन’ या मालिकेचा, त्यातही १९७५ ते १९८५ या काळातल्या अंकांचा वाटा फार मोठा आहे.

१९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःला एक आचारसंहिता घालून घेतली. चांगल्याचा वाईटावर विजय झालाच पाहिजे आणि गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही छापायचं नाही, असे तिचे नियम होते. १९७१ मध्ये ते थोडे सैल झाले. १९७३ मध्ये स्पायडरमॅनच्या १२१व्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली, तेव्हा वाचक हादरले. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला त्यांचा धक्का समजेल. वेताळाच्या गोष्टीत बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, त्यामुळे वेताळ कधी मरतच नाही. ग्वेनच्या जागी मात्र कुणी येणार नव्हतं.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’ सुरू केलं, पण ते फारसं चाललं नाही. १९७० पासून पाच वर्षं या नावाखाली फक्त जुन्या कथा पुन्हा छापल्या जात होत्या. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवं पथक आणलं. केनियातली स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, सोव्हिएत रशियातला कोलोसस, कॅनडाचा वुल्वरीन अशी एकमेकांना अनोळखी माणसं क्राकोआ बेटावर अडकलेल्या जुन्या पथकाला सोडवायला निघाली. त्यांच्यातला थंडरबर्ड तर त्याच वर्षी, ९५व्या अंकात मारला गेला. हे सगळे म्यूटंट, म्हणजे जन्मतःच वेगळे आणि म्हणून लोकांच्या द्वेषाचे धनी. ज्या जगाला वाचवायचं त्याच जगापासून स्वतःलाही वाचवायचं, हा पेच इतर सुपरहिरोंना क्वचितच पडत होता. ९४व्या अंकापासून लेखनाची सूत्रं हाती घेतलेल्या ख्रिस क्लेअरमाँट यांनी पुढची सोळा वर्षं हाच पेच धरून ठेवला.

१९७६ मध्ये अंतराळातून परतताना किरणोत्सर्गाच्या वादळातून यान कुणीतरी हाकायलाच हवं होतं. जुन्या पथकातल्या जीन ग्रेने सोबत्यांना सुरक्षित कप्प्यात बसवलं आणि ती एकटी चालकाच्या जागेवर बसली. न्यूयॉर्कच्या जमैका बे या खाडीत यान कोसळलं आणि पाण्यातून ती फिनिक्स, म्हणजे अफाट शक्तीची धनी, होऊन वर आली. पुढे हीच शक्ती तिच्या ताब्यात राहिली नाही. १९८० मधल्या १३५व्या अंकात तिने एक तारा गिळला आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मेले.

क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी आधी ठरवलेला शेवट सौम्य होता. जीनची शक्ती काढून घेतली जाते आणि ती जगते, असा अंक तयारही झाला होता. ‘एक्स-मेन’ छापणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेचे मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. एवढ्या संहारानंतर ती सुखाने घरी जाते हे त्यांना पटेना. शेवटची पानं बदलली आणि १३७व्या अंकात, चंद्रावर, तिचा प्रियकर सायक्लॉप्स याच्या डोळ्यांदेखत जीनने स्वतःचा अंत करून घेतला. मूळ शेवट १९८४ मध्ये वेगळा छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की शूटर यांचा हट्ट रास्त होता हे मला ठाम वाटतं. आपल्यातली शक्ती पुन्हा उसळेल हे जाणून ती स्वतः निर्णय घेते, म्हणून ते मरण नुसती शिक्षा न राहता त्याग होतं.

१९८६ मध्ये मार्व्हलने तिला परत आणलं. खरी जीन खाडीच्या तळाशी कोषात झोपली होती आणि चंद्रावर मेली ती फिनिक्स या वैश्विक शक्तीने घडवलेली तिची प्रतिकृती, असा खुलासा दिला. नवी मालिका काढण्यासाठी ते सोयीचं होतं, पण त्या चंद्रावरच्या पानांवर तो अन्याय झाला.

मॅग्नेटोच्या बाबतीत मात्र घाई झाली नाही. स्वतः म्यूटंट असलेला, पण माणसांशी हिंसेनेच लढू पाहणारा हा पहिल्या अंकापासूनचा पक्का शत्रू. १९८१ मध्ये आलेल्या भविष्यकथेत छळछावणीत उरलेल्या मोजक्या एक्स-मेनच्या बाजूने तो चाकांच्या खुर्चीत बसलेला दिसला. त्याच वर्षी १५०व्या अंकात लढताना त्याने एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर जबर प्रहार केला. ती निपचित पडली. जवळ जाऊन पाहतो तर समोर एक कोवळी पोर! तो लढायचंच थांबला. ऑश्वित्झच्या नाझी छळछावणीतलं आपलं बालपण त्याने पहिल्यांदा बोलून दाखवलं ते इथे. १९८२ मध्ये म्यूटंटांचा नायनाट करू पाहणाऱ्या एका धर्मोपदेशकाविरुद्ध तो आणि एक्स-मेन खांद्याला खांदा लावून लढले, तरी त्याच्या मार्गाबद्दलचा त्यांचा मतभेद कायम राहिला. १९८५ च्या अखेरीस, २००व्या अंकात पॅरिसमध्ये त्याच्यावर खटला चालला. त्याच वेळी मरणाच्या दारात असलेल्या, एक्स-मेनचं पथक उभं करणाऱ्या प्रोफेसर झेवियरने आपली म्यूटंटांची शाळा आणि तिथली मुलं त्याच्यावर सोपवली.