ब्रांच आणि कमिटचे नियम

गिटवर (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर) काम करणाऱ्या चमूने आपसांत ठरवलेले दंडक : नवी ब्रांच (कामाची वेगळी शाखा) कुठून काढायची, तिला नाव काय द्यायचे, ती किती दिवस ठेवायची, एका कमिटमध्ये (इतिहासात केलेल्या एका नोंदीत) किती बदल घ्यायचा, संदेश कसा लिहायचा आणि मुख्य ब्रांचमध्ये मर्ज (विलीन) कोणी करायचे. गिट स्वतः यातले काहीच ठरवून देत नाही. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलसाठी ते लिहिले. त्यात ब्रांच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारी नोंद, बाकी काही नाही. ती क्षणात निघते, म्हणून भारंभार निघते.

प्रचलित पद्धती दोन. व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या गिट-फ्लोमध्ये मेन (मुख्य) आणि डेव्हलप या कायमच्या ब्रांच असतात, शिवाय फीचर, रिलीज व हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) या तात्पुरत्या. दुसरीत मेन एवढीच कायमची. तिच्यातून छोटी ब्रांच काढायची, दोन-तीन दिवसांत मर्ज करून पुसायची. सतत प्रकाशित होणाऱ्या वेब सॉफ्टवेअरला सोपी पद्धत घ्या, असे ड्रीसेन यांनीच २०२० मध्ये आपल्या लेखाला टीप जोडून सांगितले. एकाच वेळी अनेक आवृत्त्या ग्राहकांकडे चालत असतील तर गिट-फ्लोला अजून अर्थ आहे.

नाशिकमध्ये अशा अनेक आवृत्त्या एकाच वेळी चालणे नेहमीचे. सातपूर, अंबड, सिन्नरच्या वसाहतींतले कारखाने ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर) आपल्याच सर्व्हरवर ठेवतात आणि चालू आवृत्ती बदलायला सहजी तयार होत नाहीत. इथे होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे ग्राहकागणिक ब्रांच. अंबडच्या कारखान्याला चलनावर हीट नंबर (धातूच्या वितळणीचा क्रमांक) हवा, सिन्नरच्या ग्राहकाला जॉबवर्कचे चलन वेगळ्या नमुन्यात; दोघांना एकेक ब्रांच कापून दिली की त्या दिवसापुरते काम झटपट होते. मग २२ सप्टेंबर २०२५ सारखा दिवस येतो, जीएसटीचे दर बदलतात आणि एकच दुरुस्ती बारा ब्रांचमध्ये चेरी-पिक करावी (तेवढीच कमिट उचलून लावावी) लागते. चौथ्या-पाचव्या ब्रांचपर्यंत आजूबाजूचा कोड बदललेला असल्याने कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) येतात, ते हाताने सोडवले जातात आणि शेवटी करआकारणीचे बारा अवतार तयार होतात.

उपाय असा : कोड एकच, ग्राहकाचा फरक सेटिंगच्या टेबलात आणि प्रत्येक प्रकाशनाला टॅग (त्या कमिटला दिलेले कायमचे नाव). जुन्या आवृत्तीसाठी रिलीज ब्रांच ठेवावी, पण तिच्यात फक्त दुरुस्त्या जाव्यात. दुरुस्ती आधी मेनमध्ये, तिथून मागे चेरी-पिक. सोबत ‘-एक्स’ पर्याय दिला की मूळ कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) संदेशात राहतो. फुटलेल्या ब्रांच परत एकत्र आणताना मेनपासून सर्वांत कमी फरक असलेली आधी घ्यावी, तिचा एकेक फरक सेटिंगमागे टाकावा आणि काम संपताच ती ब्रांच पुशसाठी (सर्व्हरवर बदल चढवण्यासाठी) बंद करावी. बंद केली नाही तर आठवड्याभरात कोणीतरी तिच्यात कमिट टाकतोच.

ब्रांचच्या नावात कामाचा तिकीट क्रमांक असावा. ‘फिक्स’ नावाची ब्रांच आधीच असेल तर ‘फिक्स/२१४’ निघत नाही, कारण एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी राहू शकत नाहीत. गिटला न दिसणारा कॉन्फ्लिक्ट याहून वाईट : दोन ब्रांचमध्ये डेटाबेस मायग्रेशनची (डेटाबेसची रचना बदलणारी) ००४२ क्रमांकाची वेगवेगळ्या नावांची फाइल तयार होते, मर्ज विनातक्रार होते आणि सर्व्हरवर गाडी अडते. फाइलनावात क्रमांकाऐवजी तारीख-वेळ घ्यावी. क्रिस्टल रिपोर्ट्सच्या (अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या) फायली बायनरी असल्याने मर्ज होतच नाहीत. त्या एका वेळी एकानेच हाताळाव्यात.

एका कमिटमध्ये एकच बदल, आणि तेवढ्यावर बिल्ड (कोडमधून चालते सॉफ्टवेअर बनवणे) चालला पाहिजे. गिट बायसेक्ट ही आज्ञा दर वेळी निम्म्या कमिट वगळत हजार कमिटमधून बिघाड सुमारे दहा चाचण्यांत शोधून देते, पण मधल्या कमिट चालतच नसतील तर तो शोध फसतो. संदेशाची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, त्याखाली बदलाचे कारण. ‘फायनल’, ‘फायनल २’ असे संदेश सगळ्यांनीच कधीतरी लिहिलेले असतात; बाजार समितीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हिशोबपट्टीत तोलाई दोनदा कापली जात होती’ ही ओळ वर्षभराने वाचणाऱ्यालाही पुरते. ही ओळ स्पेस धरून ३८ युनिकोड अक्षरांची, पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची पद्धत) मध्ये ३ बाइट घेत असल्याने १०४ बाइटची भरते. लांबी तपासणारा हुक (कमिट करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) ‘डब्ल्यूसी -सी’ या मोजणीच्या आज्ञेने बाइट मोजत असेल तर चांगला मराठी संदेश विनाकारण परत येतो. तिथे ‘डब्ल्यूसी -एम’ वापरावे आणि लोकेल (संगणकाची भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ असल्याची खात्री करावी, नाहीतर तेही बाइटच मोजते.

हुकवर विसंबू नये. क्लोन करताना (कोडची प्रत आपल्या संगणकावर घेताना) ते सोबत येत नाहीत आणि ‘नो-व्हेरिफाय’ लिहून टाळताही येतात. म्हणून मेनवर थेट पुश बंद, किमान एकाचा रिव्ह्यू (कोडची तपासणी) आणि चाचण्या पास होण्याची अट सर्व्हरवरच लावावी. चार जणांच्या चमूत रिव्ह्यूचा अधिकार एकट्या सीनिअरकडे ठेवला तर त्याच्या रजेच्या दिवशी सगळ्यांचे काम तुंबते. तो किमान दोघांकडे हवा. पासवर्ड चुकून कमिट झाला तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतो. आधी पासवर्ड बदलावा, इतिहासाची साफसफाई नंतर.

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या समितीसाठीचा रिलीज लिलाव चालू असताना करू नये. २०२७ च्या सिंहस्थासारख्या गर्दीच्या काळात मेन गोठवणे रास्तच. त्या काळातला हॉटफिक्स मात्र मेनमधून न काढता चालू आवृत्तीच्या टॅगवरून काढावा, म्हणजे अर्धवट काम सोबत जात नाही. आणि त्याच दिवशी मेनमध्येही आणावा, नाहीतर पुढच्या रिलीजला तोच बिघाड परत येतो.